सासूबाईंच्या काठीचा बाक

वाकडं काही दिसलं की मिस्त्रींच्या जिवाची घालमेल होई. कुणाच्या घरी गेले तर पाणी पिण्याआधी ते भिंतीवरची तसबीर सरळ करत. एकदा अंगात ताप असताना दवाखान्यात गेले, तर आधी डॉक्टरांच्या डुगडुगणाऱ्या टेबलाखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि मगच जीभ दाखवली. खुर्च्या-टेबलं दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेलेली. एक डोळा मिटून लाकडावरून नजर फिरवली की केसाएवढा बाकही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. बायको म्हणायची, मला बघायला आला होता तेव्हाही या माणसाने एक डोळा मिटला होता आणि माझ्या आईचा भलताच गैरसमज झाला होता.

या आईला, म्हणजे सासूबाईंना, मिस्त्री वचकून असत. चाळीस वर्षं मोठ्या इस्पितळात नर्स म्हणून काढलेली बाई. तोंडातून कौतुकाचा शब्द काढायचा तर आधी वर अर्ज करावा लागतो की काय, असं वाटायचं. मिस्त्रींनी त्यांना सागवानी स्टूल करून दिलं होतं. त्यावर दोन मिनिटं बसून त्या म्हणाल्या होत्या, "बसता येतं." वीस वर्षांत जावयाच्या पदरात पडलेली शाबासकी ती एवढीच.

अशा या सासूबाई स्नूकर खेळत. इस्पितळाच्या करमणुकीच्या खोलीत एक जुनं टेबल होतं, तिथे रात्रपाळी संपल्यावर त्या शिकल्या. आता सत्तरी उलटली तरी रोज दुपारी चार वाजता बँकेच्या वरच्या हॉलमध्ये त्यांची हजेरी ठरलेली. तिथे सगळे त्यांना सिस्टर म्हणत आणि हरल्यावर निमूट पैसे देऊन घरी जात. फक्त दातांचे डॉक्टर त्यांना पुरून उरायचे. वार्षिक स्पर्धेत सलग दोन वर्षं त्यांनी सिस्टरना फायनलमध्ये हरवलं होतं. यंदा पुन्हा तीच जोडी, येत्या रविवारी.

आणि सोमवारी सासूबाईंची स्नूकरची काठी लिफ्टच्या मिटत्या दारात सापडली.

चादरीत गुंडाळून, आजारी लेकरू आणावं तशी त्यांनी ती मिस्त्रींच्या दुकानात आणली. टोकापासून चांगली दीड वीत उभी चीर गेली होती. मिस्त्री म्हणाले, नवी घेऊ, माझ्यातर्फे. सासूबाईंनी काठी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "जावईबापू, या काठीने मी पस्तीस वर्षं खेळते आहे. हिच्याशिवाय खेळायचं तर मी घरी बसून मटार सोलीन. होत असेल तर सांगा."

होणार नाही असं म्हणायला मिस्त्रींची छाती नव्हती. दाढीच्या पात्याने त्यांनी चीर अलगद फाकवली, आतली धूळ फुंकली. गोंद शेवटपर्यंत कसा पोचवायचा, हा प्रश्न होता. सासूबाईंनी पर्समधून इंजेक्शनची सिरिंज काढली, पातळ केलेला गोंद भरला आणि एका दमात चिरेच्या तळापर्यंत सोडला. हात जराही हलला नाही. मग मिस्त्रींनी सायकलच्या ट्यूबची पट्टी वेटोळे घालून करकचून गुंडाळली. दोन दिवसांनी सोडली तर चीर कुठे होती ते बोटालाही कळेना.

इथे थांबले असते तर ही गोष्टच झाली नसती. पण जाता जाता मिस्त्रींनी सवयीने एक डोळा मिटला. काठीला मधोमध बाक होता! चांगला दोन दोऱ्यांचा, म्हणजे पाव इंच. त्यांना वाटलं, बिचारी म्हातारी पस्तीस वर्षं वाकड्या काठीने खेळते आहे आणि कुणी तिला सांगितलंसुद्धा नाही. त्यांनी ओलं फडकं गुंडाळलं, वरून इस्त्री फिरवली, काठी सरळ पट्टीला बांधली, पाचरी मारल्या आणि रात्रभर ठेवली. सकाळी काठी सुतासारखी सरळ. सासूबाईंना त्यांनी मुद्दामच सांगितलं नाही. खेळताना त्यांचं त्यांनाच कळेल आणि मग कदाचित स्टुलापेक्षा बरी शाबासकी मिळेल, असा हिशेब होता.

शनिवारी दुपारी ते स्वतः काठी घेऊन हॉलमध्ये गेले आणि खुर्ची ओढून ऐटीत बसले. सासूबाईंनी टोकाला खडू घासला, वाकल्या, मारला. बॉल पॉकेटच्या उजव्या कडेला आपटून परत आला. दुसरा तसाच. तिसरा तसाच. नाचता येईना अंगण वाकडं, असं आपण म्हणतो. इथे अंगण सरळ झालं आणि नाच बिघडला. अकरा बॉल चुकल्यावर सासूबाईंनी आपला उजवा हात समोर धरून बघितला. मग काठी टेबलावर आडवी ठेवली.

हॉलवाल्याला त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टरांना सांग, उद्या यायची गरज नाही. माझा हात गेला."

या बाईने आयुष्यात कधी हार मानल्याचं मिस्त्रींनी पाहिलं नव्हतं, आणि आज ती मानत होती ती त्यांच्या इस्त्रीमुळे. गप्प बसले असते तर कुणालाही पत्ता लागला नसता. पण ते उठले, सगळ्यांसमोर कान पकडले आणि म्हणाले, "हात नाही गेला. काठीचा बाक गेला. मी काढला."

सासूबाईंनी काठी उचलली, टेबलावर लोळवून बघितली. ती सरळ घरंगळत गेली, पूर्वीसारखी डुगडुगली नाही. पस्तीस वर्षं त्यांच्या डोळ्याने, खांद्याने, मनगटाने तो बाक हिशेबात धरला होता. त्यांना स्वतःलासुद्धा ते ठाऊक नव्हतं. त्या जावयाकडे वळल्या. मिस्त्रींना वाटलं, आता काठी पाठीत बसणार. पण सासूबाईंच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही हसू पसरलं, की दहा वर्षांनी तरुण झाल्या.

"म्हणजे मी ठीक आहे," त्या म्हणाल्या. "मग बघता काय? होती तशी करा."

पण होती तशी म्हणजे किती? मिस्त्रींनी वाकडेपणा आजवर कधी मोजून ठेवला नव्हता. तो फक्त घालवायचाच असतो, हीच त्यांची समजूत. हॉलवाल्याने इस्त्री आणली. मिस्त्री फडकं ओलं करायचे, काठी गुडघ्यावर ठेवून बेताने दाबायचे, गार होऊ द्यायचे. सासूबाई एक बॉल मारून म्हणायच्या, अजून. आयुष्यभर ज्याच्याशी वैर केलं तोच बाक आपल्याच हाताने घडवताना मिस्त्रींना घाम फुटला. बाकीच्या टेबलांवरचे खेळ कधीच थांबले होते. एकाने विचारलं, कुत्र्याचं शेपूटही सरळ करून देता का हो? मिस्त्री म्हणाले, आजपासून नाही.

दिवे लागायच्या सुमाराला बॉल पॉकेटच्या जबड्यात नुसता घुटमळला. मिस्त्रींनी काठी पुन्हा गुडघ्यावर घेतली.

"थांब रे, पुरे," सासूबाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत जावयाला त्या पहिल्यांदाच 'रे' म्हणाल्या होत्या. "जास्त केलं तर तुटेल. एवढं तू वाकवलंस, उरलेलं मी सांभाळून घेते."

आणि खरंच, पुढचा बॉल सरळ आत गेला. त्याच्या पुढचाही.

रविवारी हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. शेवटी टेबलावर एकटा, निकाल लावणारा काळा बॉल उरला आणि पाळी सासूबाईंची होती. बॉल लांब होता, टेबलाच्या कडेला चिकटल्यासारखा. मिस्त्रींनी या वेळी दोन्ही डोळे मिटले. बॉल पडल्याचा आवाज त्यांना आला नाही, कारण त्याआधीच हॉल गरजला होता.

डॉक्टर दिलदार माणूस. त्यांनी सिस्टरचा हात हातात घेतला, मग कुतूहलाने काठी उचलून डोळ्यापुढे धरली आणि चमकले.

"सिस्टर, ही तर वाकडी आहे."

सासूबाई तोंड उघडणार तोच मिस्त्री गर्दीतून पुढे आले, शर्टाची कॉलर नीट केली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हो. माझ्या हातची आहे."