घरात एक धडधाकट माणूस

एवाल्ड टॉफ्टबरोबर गावातून चालायला निघालं की त्याची इस्टेट ऐकून घ्यावी लागे. "तो शाळेचा व्हरांडा माझा. पोहण्याच्या तलावाचा खोल भाग माझा. उथळ भाग बेकरीवाल्याचा असेल, त्यानं कमावलंच तेवढं." लिमफ्योर्ड खाडीच्या काठी त्यानं चाळीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूल चालवलं आणि कमाईतला जवळजवळ निम्मा भाग कर म्हणून सरकारला दिला. एक पै इकडची तिकडे केली नाही. मनात कधी आलंच नव्हतं असं नाही, पण सबंध गाव ज्याच्या शेजारी बसून गाडी शिकलं, त्याची कमाई गावाला तोंडपाठ होती. म्हणून तो फक्त कुरकुर करायचा. डेन्मार्कात कुरकुरीवर अजून कर बसलेला नाही, त्यामुळे ती सगळेच सढळ हातानं करतात.

"शनिवारीसुद्धा शिकवायचो मी," तो सांगायचा. "शनिवारच्या जादा कमाईतलं निम्म्याहून जास्त थेट कोपनहेगनला, सरकारच्या खिशात! तरी शिकवायचो. का? तर शनिवारी आमची गुड्रुन घर झाडायला काढायची."

गुड्रुन ही त्याची बायको. तिनंही तीस वर्षं बालवाडीच्या स्वयंपाकघरात राबून कर भरला होता. पण गावात तिच्या नावावर एकही व्हरांडा नव्हता.

गेल्या मार्चमध्ये तिच्या खुब्याचा सांधा बदलला. दुसऱ्या दिवशी तिला चालवलं, तिसऱ्या दिवशी घरी सोडलं, बिल शून्य. एवाल्डनं एवढंच नोंदवलं की इस्पितळातली कॉफी पाणचट होती. "एवढ्या पैशात कॉफी तरी दाट द्यायची!"

डॉक्टरांनी गुड्रुनला बजावलं होतं, तीन महिने वाकायचं नाही, व्हॅक्यूम क्लीनर ओढायचा नाही, फरशी पुसायची नाही. हे ऐकून एवाल्डला सासऱ्याची इस्टेट मिळाल्यासारखा आनंद झाला. "आता बघ! आता नगरपालिकेकडून बाई मागवतो झाडायला. चाळीस वर्षं भरलेत, एकदा तरी वसूल होऊ देत." तोपर्यंत घरात धुळीचे गोळे फिरू लागले होते आणि गुड्रुन काठीच्या टोकानं ते एका बाजूला सारत होती. एवाल्ड त्यांना ओलांडून जाऊन अर्ज लिहीत होता.

नगरपालिकेतून मेरेटे आली, पन्नाशीची, जाड तळव्याचे बूट, काखेत लॅपटॉप. कुणाला किती मदत द्यायची ते ठरवणं हे तिचं काम. तीस वर्षांपूर्वी ती एवाल्डकडेच गाडी शिकली होती. तिसऱ्या खेपेला पास झाली. मधल्या एका खेपेला सर्कलमध्ये गाडी थांबवून रडायला लागली, तेव्हा एवाल्ड म्हणाला होता, "रड, पण आधी इंडिकेटर लाव." मेरेटे हे विसरलेली नव्हती.

"घरात अजून कोण असतं?" तिनं विचारलं.

"मी."

"तुला काही दुखणंखुपणं?"

"मला काय धाड भरलीये?" एवाल्ड छाती काढून म्हणाला. "रोज आठ किलोमीटर सायकल. जानेवारीत फ्योर्डच्या गार पाण्यात डुबकी."

"वा! मग प्रश्नच मिटला. घरात धडधाकट माणूस असला की झाडायला मदतनीस देत नाही. नियम आहे."

"हा नियम कुणी केला?"

"माहीत नाही. पण छापलाय तुझ्याच पैशानं."

बाकी सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, असं म्हणतात. एवाल्डकडे पैसे होते, तेव्हा त्यानं बाकीची सोंगं बाहेर काढली. आधी कंबर गेली. मग डावा गुडघा.

"सायकल चालवणारा गुडघा बादलीपुढेच कसा आखडतो रे?" मेरेटेनं विचारलं आणि एक अक्षरही टाइप केलं नाही.

मग एवाल्डनं डोक्याला हात घातला. "खरं सांगू का, हल्ली विसरायला होतं गं. वार आठवत नाही. परवा पावाचं पाकीट कपाटात सापडलं, माझ्या मोज्यांत."

मेरेटेची बोटं चालू लागली. एवाल्डला चेव आला.

"गाडी चालवतोस अजून?"

"चालवतो ना! पण कधीकधी सर्कलपाशी पोचलो की आत शिरायचं कुठून तेच सुचत नाही. ब्रेक कुठला न् अॅक्सिलरेटर कुठला..."

बोटं थांबली. "एवाल्ड, हे मला डॉक्टरांना कळवावं लागेल. त्यांनी तपासेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आणि हे खरं असेल तर लायसन्स गेलंच म्हणून समज."

एवाल्डच्या तोंडचं पाणी पळालं. दारात त्याची निळी व्होल्वो उभी होती. ती घेताना एक गाडी स्वतःला आणि दीड गाडीचे पैसे करापोटी सरकारला, असा सौदा झाला होता, आणि तोही त्यानं दात-ओठ खात का होईना, पुरा केला होता. आता तो शेजारच्या सीटवर बसून फिरणार? तिथं तो चाळीस वर्षं बसला होता हे खरं, पण तेव्हा पायाखाली स्वतःचा ब्रेक होता.

"अगं, थट्टा केली मी."

"म्हणजे मदत मिळवायला खोटी माहिती दिलीस? त्याचा फॉर्म वेगळा आहे. तो काढू?"

इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्ही त्याच्याच पैशानं खणलेली. एवाल्ड घाम पुसत बसला.

मेरेटे गुड्रुनकडे वळली. "तू सांग गुड्रुन. याला होतं विसरायला?"

गुड्रुननं विणकाम मांडीवर ठेवलं. हो म्हटलं तर नवऱ्याची गाडी जाणार होती आणि दर पंधरवड्याला झाडायला बाई येणार होती. नाही म्हटलं तर गाडी राहणार होती, आणि घर, खुबा बरा झाला काय न् नाही झाला काय, पुन्हा तिच्याच गळ्यात पडणार होतं. समोर नवरा परीक्षेला बसलेल्या पोरासारखा तिच्या तोंडाकडे बघत होता. तिनं मुळीच घाई केली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याकडे इतकं लक्ष देऊन बघत होता, हेही तिला जरा चाखून घ्यायचं असावं.

"होतं ना," ती म्हणाली. "शेहेचाळीस वर्षं झाली, बादली कुठे असते ते याला एकदाही आठवलेलं नाही."

"आणि गाडी?"

"गाडीची किल्ली झोपेतसुद्धा सापडते मेल्याला."

मेरेटे खो खो हसली. लिहिलेलं तिनं सगळं पुसलं. "मग हा आजार बरा होणारा आहे. बारा आठवड्यांचं प्रशिक्षण मिळतं, शिकवणारा घरी येतो. फुकट."

"फुकट?" एवाल्डचे कान टवकारले. या शब्दाची वाट बघत त्यानं अर्धं आयुष्य काढलं होतं. कशाचं प्रशिक्षण हे विचारायच्या आधी त्यानं सही केली.

सोमवारी नऊ वाजता प्रेबेन आला, दारात मावणार नाही असा. बावीस वर्षं तो कत्तलखान्यात डुकरं सोलत होता. कत्तलखाना बंद पडला तेव्हा सरकारनं त्याला साडेतीन वर्षं शाळेत बसवलं, आणि आता तो लोकांना त्यांची स्वतःची कामं करायला शिकवायचा.

"माझ्या पैशानं शिकलास तू," एवाल्डनं सलामीलाच सुनावलं.

"हो. आता तुझ्याच पैशानं तुला शिकवतो. क्लीनर असा खेचू नकोस, फरशीच्या लाकडी पट्ट्यांच्या दिशेनं ने."

"तुला पटतं हे? राबणाऱ्याच्या खिशातून निम्मं काढायचं आणि लोळणाऱ्याला वाटायचं?"

"कत्तलखान्याला कुलूप लागलं तेव्हा माझ्याकडे दोन पोरं आणि एक सुरी होती," प्रेबेन म्हणाला. "सुरी परत करावी लागली."

एवाल्डनं क्लीनरची नळी वळवली. "तुझी गोष्ट वेगळी."

"ज्याच्याकडे जावं तो असंच म्हणतो, तुझी गोष्ट वेगळी. सोफ्याखालून घे."

तिसऱ्या आठवड्यात एवाल्डनं पायपुसणं मशीनमध्ये ओढून घेतलं आणि त्याचा दोष सरकारला दिला. सहाव्या आठवड्यात क्लबात कॉफी पिताना तो लोकांना पाय नसलेलं कपाट कसं हलवायचं ते समजावू लागला. व्हॅक्यूम क्लीनर मागे घेण्याआधी तो खांद्यावरून मागे बघायचा. जुनी सवय होती.

बाराव्या आठवड्यात मेरेटे परीक्षा घ्यायला आली. एवाल्डनं पाऊण तासात घर लख्ख केलं आणि तिला दोन सूचनाही दिल्या.

"पास," ती म्हणाली. "पहिल्याच खेपेला. आता तुमची फाइल बंद. या घरात एक धडधाकट माणूस आहे." आणि प्रेबेनला घेऊन ती निघून गेली.

एवाल्ड दारात उभा राहून त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिला. मग आत येऊन म्हणाला, "फसवलं गं आपल्याला. चाळीस वर्षं भरले, आणि शेवटी काम मलाच करायला लावलं!"

"आपल्याला नाही, तुला," गुड्रुन म्हणाली. "मला माझं मिळालं."

"काय मिळालं?"

"तुला सांगून सांगून माझा जन्म गेला. त्यांनी बारा आठवड्यांत करून दाखवलं. निम्मं घेतात म्हणून तू रडतोस, मी म्हणते पाऊण घ्या!"

एवाल्डनं झाडायचं यंत्र सुरू केलं. त्या आवाजात उत्तर द्यावं लागत नाही हा यंत्राचा मोठा गुण त्याला नुकताच कळला होता. झाडत झाडत तो सोफ्यापाशी आला. गुड्रुननं विणकामातून मान वर न करता दोन्ही पाय उचलले, आधी नव्या खुब्याचा, मग जुन्याचा.

इतर वारी गुड्रुन झाडत आली की याच सोफ्यावर वर्तमानपत्राआड बसून तो वर्षानुवर्षं असेच पाय उचलत आला होता. खाली वाकलेलं माणूस कसं दिसतं ते त्यानं कधी बघितलं नव्हतं. आता तो स्वतः खाली होता आणि वर बघत होता. काहीतरी बोलावं असं त्याच्या फार मनात आलं, म्हणून तो यंत्र बंद करून तसाच वाकून थांबला, ती खाली बघेल म्हणून.

गुड्रुन टाके मोजत होती. तिनं काही खाली बघितलं नाही.