लेकीचा आवाज बदलला तेव्हा

शेंगदाण्याचा कण जरी पोटात गेला, तरी माझ्या लेकीच्या जिवावर बेतू शकतं. हे कळल्यापासून मला पंगतीची धास्तीच बसली. जिच्या ओटीत लेकीला घातलं त्या देवीवर भार टाकायचा आणि घासाघासाला घाबरायचंही, ही कसली श्रद्धा, असं मन खायचं.

यंदा निपाणीजवळच्या माझ्या माहेरी त्याच देवीची, लक्ष्मीची, यात्रा होती, म्हणून आम्ही बेळगावहून गेलो. महाप्रसादाला बसल्यावर लेकीनं, पाचवीत आहे ती, वाढणाऱ्याला आधी विचारलं, "मामा, आमटीत शेंगदाणं हाईत काय?" तो न्हाय म्हणाला. पण शेंगदाण्याच्या चटणीचा चमचा आमटीत बुडाला असावा. थोडं खाल्लं न खाल्लं तोच ती म्हणाली, "आई, ओठ चुरचुरायलेत." पाहता पाहता गळ्यावर गांधी उठल्या.

"अंगारा लाव, बसंल," वहिनी म्हणाली. अ‍ॅलर्जीची गोळी देऊन थांबावं, की अशा वेळेसाठी पर्समध्ये ठेवलेलं इंजेक्शन मांडीत टोचावं? आवाज किंवा श्वास बदलला तर थांबायचं नाही, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. सगळं पाठ असूनही मी हात जोडले. देवीकडे पाहून मी म्हटलं, "आई, आता तूच सांग."

तेवढ्यात लेकच घोगऱ्या आवाजात बोलली, "घसा आवळायलाय गं. गोळी नको, इंजेक्शन दे. मी हलत न्हाय."

शेजारच्या पानावरच्या एक अनोळखी आक्का उठल्या आणि त्यांनी लेकीचा पाय घट्ट धरला. "अंजब्याडव्वा," घाबरू नको बाई, असं त्या कानडीत म्हणाल्या. मी टोचलं. गर्दीत आमची गाडी अडकली होती, आक्कांची जीप मात्र मंडपामागे मोकळी उभी होती. त्यांच्या यजमानांनी ती निपाणीच्या दवाखान्याकडे पळवली. मागच्या सीटवर लेक आडवी, पाय आक्कांच्या मांडीवर. वाटेतच लेकीचा आवाज मोकळा झाला.

"वेळेवर टोचलंत," डॉक्टर म्हणाले. लेकीला देखरेखीखाली ठेवलं, तोवर आक्का हलल्या नाहीत. निघताना म्हणाल्या, "पोरगी लई धीराची हाय तुमची." मी वाकून त्यांच्या पाया पडले.

देवावर सोडणं म्हणजे हात जोडून बसणं, असं मी समजत होते. त्या दिवशी देवीनं माझे जोडलेले हात सोडवले. मी तिच्याकडे कौल मागितला आणि तिनं तो माझ्याच लेकीच्या तोंडून दिला.