अब्बांची रबरी नळी

मी या ग्रुपवर येतो ते निव्वळ टाइमपास म्हणून. पिंपळाखालची बाई, घाटात लिफ्ट मागणारा म्हातारा... सगळं वाचतो, हसतो आणि मोबाईल बाजूला ठेवतो. माझं गॅरेज आहे. गाडी आपोआप बंद पडली असं कोणी म्हणालं की मला आधी प्लग आठवतो, भूत नाही. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय. पण बायको म्हणाली, एकदाचं लिहून टाका, मला तेच तेच ऐकून वीट आलाय.

गॅरेज पारनेरला, सुप्याच्या रस्त्याला. पत्र्याचं शेड, समोर लिंबाचं झाड. वडिलांनी टाकलेलं. गावाला ते मिस्त्रीचाचा, मला अब्बा. मागच्या पावसाळ्यात गेले.

थोडं गाडीबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. चालू इंजिन आत हवा ओढत असतं. ती ओढ ब्रेकला आणि आणखी दोन-चार ठिकाणी पोचवायला रबरी पाइप असतात. जुन्या गाडीत एखादा पाइप निसटतो नाहीतर चिरतो आणि तिथून फुकटची हवा आत शिरते. मग गाडी उभ्या जागी थरथरते, बंद पडते. डोळ्याला काही दिसत नाही, बारीक सुस्स असा आवाज तेवढा येतो. तो शोधायला अब्बांकडे हातभर रबरी नळी होती. एक टोक कानात, दुसरं इंजिनवर फिरवायचं... डॉक्टर छाती तपासतो तसं.

मी शिकत होतो तेव्हा नळी माझ्या कानात आणि अब्बा शेजारी स्टुलावर, डोळे मिटून. कुठला पाइप ते कधी सांगायचे नाहीत. माझा हात बरोबर जागी आला की नाकातून फक्त "हं" करायचे. तुटक, जरा वैतागल्यासारखं. तेवढंच. काम झालं की इंजिन चालू ठेवून नळी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, आवाज गेला की नाही ते त्यानं स्वतःच्या कानानं ऐकायचं, ही त्यांची पद्धत. आणि मग मला म्हणायचे, "सोड गाडी." मी दोन पोरांचा बाप झालो, तरी ते म्हटल्याशिवाय आमच्या शेडमधून गाडी बाहेर पडली नाही. ते गेल्यापासून गिऱ्हाइकाला किल्ली देताना माझा हात अडायचा. हे मी कोणाला बोललो नव्हतो, बायकोलाही नाही.

तर या उन्हाळ्यातली गोष्ट. बाजारचा दिवस, भर दुपार. आमच्याकडे बदली होऊन आलेल्या आणि इथेच राहिलेल्या एक रिटायर्ड सिस्टर आहेत. आयुष्य सरकारी दवाखान्यात गेलं, बोलणं एकदम रोखठोक. नवऱ्याच्या मागे त्याची जुनी कार त्या स्वतः चालवतात. ती घेऊन आल्या. लेक बाळंतपणाला आलेली, तिला आणि तान्ह्या बाळाला सकाळी सासरी पोचवायचं होतं. सासर आपल्या नगरच्या अकोले गावाच्या पुढे, भंडारदऱ्याच्या अंगाला. म्हणजे उतार आणि वळणं. भाड्याची गाडी करा म्हणालो, तर म्हणाल्या, नात आजीच्याच गाडीतून जाणार.

गाडी उभ्या जागी थरथरत होती. नळी फिरवली, कार्बोरेटरमागे एक बारका पाइप निसटलेला सापडला. बसवला, क्लिप आवळली. गाडी लगेच शांत. ब्रेक दाबून बघितला, व्यवस्थित. मी इंजिन बंद केलं आणि पाने-पक्कड गोळा करायला परत बोनेटखाली वाकलो. नळीचं एक टोक कानात तसंच राहिलेलं, दुसरं इंजिनवर लोंबकळत होतं.

"हं."

मी वळून पाहिलं. सिस्टर लिंबाखाली बसून लेकीशी फोनवर बोलत होत्या. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. मनात म्हटलं, इक्बाल, ऊन लागलंय तुला. नळी कानातून काढली. काही नाही. परत घातली आणि टोक इंजिनवरून हळूहळू सरकवत गेलो, अगदी शिकताना फिरवायचो तसं. कार्बोरेटरवर काही नाही. बॅटरीकडे काही नाही. ब्रेकच्या जाड पाइपाशी आलो आणि पुन्हा तेच, नाकातून, तुटक, वैतागल्यासारखं.

इंजिन बंद होतं, हे ध्यानात घ्या. हवेची ओढ नाही, थरथर नाही. आणि तो आवाज मी वीस वर्षं ऐकलेला, त्यात चूक होणार नाही. भीती वाटली, आणि खरं सांगतो, त्याहून जास्त रडू आलं.

पाइप काढून उलटा केला. खालच्या अंगाला लांब चीर. वरून दिसायचीच नाही. गाडी उभी असताना पाइप पट्टीवर दाबून बसायचा आणि चीर मिटायची, म्हणून आवाजही नव्हता आणि ब्रेकही ठीक लागत होता. पण चढउतारावर इंजिन हललं की ती उघडणार आणि पाय दाबला तरी ब्रेक दगडासारखा घट्ट होणार... भंडारदऱ्याच्या उतारावर, मागे बाळंतीण आणि तान्हं बाळ.

नवा पाइप टाकला. सुप्याच्या रस्त्यावरच्या उतारापर्यंत चक्कर मारून आलो. मग इंजिन चालू ठेवून पद्धतीप्रमाणे नळी सिस्टरच्या हातात दिली. कानातली नळी त्यांना काही नवीन नाही, उभा जन्म स्टेथोस्कोप घालण्यात गेला. त्या वाकून ऐकत राहिल्या आणि एकदम थांबल्या.

"भाऊ, शेडमध्ये दुसरं कोणी आहे का?"

"नाही. का हो?"

"म्हातारा माणूस बोलला कोणीतरी. 'सोड गाडी' म्हणाला."

मी त्यांच्या हातातून नळी जवळजवळ ओढूनच घेतली. कानाला घट्ट लावली. आत इंजिनाचा साधा, एकसुरी आवाज. किती वेळ तसाच उभा होतो कोण जाणे. मग किल्ली सिस्टरच्या हातावर ठेवली. हात अडला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला, सुखरूप पोचलो, नात वाटभर झोपली होती. मग म्हणाल्या, तो आवाज कोणाचा होता? मी अब्बांचं सांगितलं. गॅरेजला गाडी आधी त्यांचा नवराच आणायचा, त्यांनी अब्बांना कधी पाहिलेलं नव्हतं. सिस्टर देवाधर्माचंही फार करत नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी जे ऐकलं ते ऐकलं, भाऊ."

मित्र म्हणतो, चीर तुझ्या नजरेनं आधीच टिपली असेल, मेंदूनं आवाज काढला. बरं, माझ्या मेंदूनं काढला. पण सिस्टरच्या कानात तो कसा गेला? इथे शिकलेली माणसं आहेत, कोणाला ठाऊक असेल तर सांगा. मला अजून काही उलगडलेलं नाही.

नळी खिळ्यावर आहे, रोज वापरतो. त्यानंतर तिच्यात परत कधी काही आलं नाही. "सोड गाडी" मला ऐकायचं होतं हो... ते मिळालं सिस्टरना, कारण आधी गिऱ्हाइकाला द्यायची पद्धत. म्हणून अब्बांची एवढी एक पद्धत मी मोडली. काम झालं की आता नळी आधी मी कानाला लावतो, डोळे मिटून जरा वेळ थांबतो, आणि मगच गिऱ्हाइकाच्या हातात देतो.