बंद कॉलरचा सिग्नल

इथले गूढ अनुभव मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर विश्वास कधी ठेवला नाही. माझा पेशाच तसा. पुरावा नसेल तर लिहू नका, असं मीच विद्यार्थ्यांना बजावते. त्यामुळे हे लिहायला बराच धीर गोळा करावा लागला...

मी मूळची लोणी भापकरची. आई-वडील भाजीपाला पिकवतात. कॉलेजची पायरी चढलेली घरात मी पहिलीच. गावच्या शाळेतल्या बाई मागे लागल्या, बारामतीच्या सरांनी स्वतः फॉर्म आणून दिला, म्हणून आज मी वन्यजीव आणि त्यांचा अधिवास हा विषय शिकवते. त्या दोघांचे उपकार आहेत माझ्यावर. आई मात्र शेजारणींना सांगते, "आमची ताई लांडग्यांची मास्तरीण हाय."

तिचं काही चुकत नाही. भवानीनगरकडून इंदापूरच्या बाजूला निघालं की उसाचा पट्टा मागे पडतो आणि गवताचं माळरान लागतं. तिथल्या एका लांडगिणीच्या गळ्यात आम्ही रेडिओ कॉलर, म्हणजे सिग्नल देणारा पट्टा, बांधली होती. प्रत्येक कॉलरची फ्रिक्वेन्सी वेगळी. रिसीव्हरवर ती लावायची, हातातली अँटेना फिरवायची आणि ज्या दिशेला बीप मोठा येईल तिकडे चालायचं. बीप संथ असला की प्राणी जिवंत. बराच वेळ हालचाल नसेल तर तो भराभर वाजू लागतो.

त्या हिवाळ्यात तिला पिल्लं झाली. कुत्र्यांचा त्रास झाला म्हणून तिने ती दुसरीकडे हलवली, आणि नवी जागा आम्हाला सापडायच्या आत डाळजजवळ हायवेवर ती गाडीखाली गेली. तिची कॉलर मीच काढली. कॉलरला चुंबक लावलं की सिग्नल बंद होतो. तसं चुंबक लावून ती बारामतीला आमच्या कॉलेजच्या विभागातल्या कपाटात ठेवली.

पिल्लं दुधावरून सुटली होती. नर त्यांना भरवेल, याची मला खात्री होती. पण माळावर झाडं लावायचं काम मंजूर झालेलं, आणि चर खणायला जेसीबी येऊन उभा राहिला. पिल्लं बिळातच गाडली जाणार होती.

वनरक्षक माणूस चांगला. म्हणाला, "मॅडम, जागा दाखवा, मी काम वळवतो. पण नुसतं कुठंतरी हायत म्हनून मशीन थांबत न्हाय. उद्या सकाळी सुरू."

त्या दिवशी दगडूआबांना घेऊन मी माळ पालथा घातला. आबा तिथेच मेंढरं चारतात. चर पडले तर त्यांचंही गवत जाणार होतं.

"माझं कोकरू नेलं त्या रांडंनं," आबा चालता चालता म्हणाले, "आन् आता तिचीच पोरं हुडकतोय मी. तुझ्या कालेजात मला पन नोकरी बघ, मास्तरीणबाई."

"आबा, तुम्ही वर्गात बिडी ओढाल."

"मग खिडकीत बशीन की!"

ऊन कलायला लागलं तरी काही सापडलं नाही. परत निघायचं ठरवलं. बॅग आवरताना रिसीव्हरचं बटण दाबलं गेलं असावं. तिचीच फ्रिक्वेन्सी अजून लावलेली होती...

बीप. बीप. बीप. संथ.

मी विभागात फोन लावला. सहकारी स्मिताला म्हटलं, कपाट उघड. ती म्हणाली, "हातात आहे गं कॉलर माझ्या. चुंबक लावलेलं आहे. का?"

फोन ठेवला आणि अँटेना फिरवली. दिशा स्पष्ट होती. आम्ही चालू लागलो. मध्येच बीप पुढे सरकायचा, आम्ही मागे पडलो की थांबल्यासारखा वाटायचा.

एका कोरड्या ओघळीच्या काठाशी आवाज इतका वाढला की मी रिसीव्हर अगदी बारीक केला, तरी तो कमी होईना. असं कॉलर हाताच्या अंतरावर असेल तरच होतं. आणि तेवढ्यात समोरच्या कपारीतून पिल्लं बाहेर आली.

माणूस दिसला की ती पळतात. ही पळाली नाहीत. आमच्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत ती झेपावली, शेपट्या हलवत, कान पाडून, माना वर करून... आणि हवा चाटू लागली. घास मागताना पिल्लं आईचं तोंड चाटतात, अगदी तशी.

आबांनी डोक्यावरचा पटका काढून हातात घेतला. "पोरी," ते पुटपुटले, "ही कुनाला चाटत्यात गं?"

मग पिल्लं एकामागे एक आत गेली, कुणी दटावल्यासारखी. बीप थांबला. नुसती खरखर उरली.

मी जागेची खूण घेतली. वनरक्षकाने शब्द पाळला, चर दूरवरून गेले. पुढे ती पिल्लं मोठी झालेली मी पाहिली.

मोबाईल टॉवर, दुसऱ्या कुणाचा ट्रान्समीटर, रिसीव्हरमधला बिघाड... सगळं तपासलं. रिसीव्हर दुरुस्तीवाल्याकडून ठणठणीत परत आला. समजा सिग्नलचं काही कारण सापडलंही, तरी पिल्लांचं काय?

आता नव्या कॉलर आल्या की फ्रिक्वेन्सी मीच वाटते. मधली एक, त्या लांडगिणीची, मी कुणालाच देत नाही. विद्यार्थी विचारतात, "मॅडम, ही रिकामी का ठेवली?"

"राखीव आहे," म्हणून मी यादी पुढे सरकवते. 'रिकामी' म्हणायला माझी जीभ रेटत नाही.