पाहुण्याला त्याच्याच देशावर व्याख्यान

सदानंद निकम सौदीतल्या जुबैलच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये देखभाल विभागाचा इंजिनिअर. पण त्याच्या मते तो मुळातला वक्ता, पोटापाण्यासाठी पंप दुरुस्त करतो एवढंच. गुरुवारी दोन व्हिडिओ बघायचे आणि शुक्रवारी त्या विषयातला अधिकारी माणूस व्हायचं, हा त्याचा खाक्या. "तुमच्याशी बोलायचं तर हात वर करून परवानगी मागावी लागते," असं मधुमती, म्हणजे त्याची बायको, म्हणायची. तिचं बरोबर आहे हे त्यालाही कळत होतं. कळून उपयोग काय? तोंड आपलं सुरूच.

अशा माणसाला परदेशात एक जिवाभावाचा मित्र मिळाला, तोही ऐकून घेणारा. कॉल्म. उत्तर आयर्लंडचा, त्याच प्लांटवर वेल्डिंग तपासणारा, बायको वारल्यावर कंपनीच्या वसाहतीत एकटाच राहणारा. दर शुक्रवारी सकाळी तो सदानंदकडे पोहे खायला यायचा. भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोची गोष्ट सदानंदने त्याला कितीदा तरी ऐकवली होती. साताऱ्याच्या प्रतिसरकारातले भूमिगत, रेल्वेचे रूळ उखडले, एका गोऱ्या पोलिसाला गोळी घातली. इंग्रज त्यांना दरोडेखोर म्हणायचे, आपण स्वातंत्र्यसैनिक म्हणतो. कॉल्म दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकायचा. पोह्यांवर लिंबू मात्र जास्त पिळायचा.

यंदा मराठी मंडळाला व्याख्यानासाठी कुणी मिळेना. सदानंद लगेच उभा राहिला. विषय आयर्लंडची फाळणी, प्रमुख पाहुणा कॉल्म. पाहुण्याला त्याच्याच देशाची माहिती द्यायची आणि वर शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, हे सुचावं तर आपल्याच लोकांना. मधुमती म्हणालीही, "अहो, मग त्यांनाच बोलू द्या ना." सदानंदला ही सूचना फारच गमतीची वाटली.

पाहुण्याला कळावं म्हणून तो क्लबहाऊसमध्ये इंग्रजीत बोलला. एकोणीसशे एकवीसमध्ये नकाशावर रेघ कशी ओढली, उत्तरेचे सहा जिल्हे ब्रिटनकडे कसे राहिले, पुढे पन्नासेक वर्षांनी रस्त्यावर ब्रिटिश लष्कर कसं उतरलं. टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्या की सदानंदचं भान सुटतं. "अंगावर गणवेश आणि पाठीशी सरकार, तो सैनिक," त्याने ठणकावून सांगितलं. "आडोशाने गोळी घालणाऱ्यांना काहीही नाव द्या, ते गुंडच." मग पाहुण्याचा परिचय. कॉल्म लहान असताना त्याचे वडील त्या धामधुमीत गोळी लागून गेले, एवढंच सदानंदला माहीत होतं. पण परिचयात पदरच्या दोन ओळी घालायची आपली रीतच आहे. त्याने घातल्या. "अशाच एका शूर सैनिकाचे हे सुपुत्र."

कॉल्मने शाल घेतली, नारळ घेतला, आभार मानले. बाहेर गाडीजवळ आल्यावर तो म्हणाला, "सदा, माझे वडील सैनिक नव्हते. तू ज्यांना गुंड म्हणालास, त्यांच्यातले होते. त्यांनी एका सैनिकाला मारलं, मग सैनिकांनी त्यांना. माझी आई शेवटपर्यंत त्यांना सैनिकच म्हणत होती. मला अजून ठरवता आलेलं नाही."

इथे शहाण्या माणसाने माफी मागितली असती. सदानंद म्हणाला, "माझ्या आजोबांची गोष्ट वेगळी आहे." अरे, पण विचारलं होतं कुणी?

"असेल," कॉल्म म्हणाला. "त्या सैनिकाचं नाव मला माहीत आहे. एकोणीस वर्षांचा होता. तुझ्या आजोबांनी मारला, त्या पोलिसाचं नाव काय?"

सदानंदने इतक्या व्यासपीठांवरून गोष्ट सांगितली, पण त्या माणसाला नाव असेल हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी कॉल्म आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. प्लांटवर दिसला की मान हलवून निघून जायचा. सदानंदला चैन पडेना. हा माणूस तुटला तर इथे आपल्याला विचारतं कोण, या विचाराने त्याला खरंच रडू आलं. शेवटी त्याने गावी काकांना फोन लावला.

"काका, आजोबांनी मारला, तो गोरा पोलीस कोण होता?"

"गोरा कुठला रे? साधा शिपाई होता, शेजारच्या गावचा. तात्याबा मोहिते. दोन मुली होत्या त्याला."

"मग गोरा कुणी सांगितला?"

"तो तूच घातलास. आमच्या बाबांनी ती गोष्ट कधी सांगितलीच नाही. आम्ही विचारलं की जेवणावरून उठून जायचे."

सदानंद तडक कॉल्मच्या घरी निघाला. वाटेत सवयीने भाषण जुळवलं: प्रस्तावना, मुद्दे, समारोप, सगळं. कॉल्मने दार उघडलं तेव्हा त्यातलं एक अक्षर आठवेना.

"तात्याबा मोहिते," तो म्हणाला. "गोरा नव्हता, आमच्यातलाच होता. दोन मुली होत्या त्याला."

कॉल्मने ते नाव दोनतीनदा म्हणून पाहिलं. पार वेडंवाकडं म्हटलं. सदानंदने त्याचा उच्चार सुधारला नाही. मग कॉल्मने त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव सांगितलं, आणि सदानंदने तेही तसंच म्हणून पाहिलं.