समस्या सोडवण्यात आली आहे

आमच्या सेक्टरमध्ये दोन गोष्टींचे ढीग कधी कमी होत नाहीत. एक गेटबाहेरचा मलबा, दुसरे पालिकेच्या अ‍ॅपचे किस्से. मलब्याची तक्रार करावी, तर किस्सा एक वाढतो. मलबा तेवढाच!

*

सोसायटीत मराठी घरं चारच. त्यातले देशपांडे काका केंद्र सरकारातून रिटायर झालेले. अख्खी नोकरी राजधानीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढून इथे फ्लॅट घेतला. अ‍ॅप आलं तेव्हा सगळ्यांत खूश तेच. "आता साहेबाच्या केबिनबाहेर ताटकळायला नको. सगळं ओपन!"

पहिली तक्रार त्यांनी रस्त्यावरच्या बंद दिव्याची केली. लगेच मेसेज आला, समस्या सोडवली. काका संध्याकाळी खांबाखाली जाऊन उभे राहिले आणि तिथूनच पालिकेला फोन लावला.

"सर, हमारे सिस्टम में लाइट जल रही है।"

"अरे यार, मैं उसी के नीचे अँधेरे में खड़ा हूँ!"

"तो सर, थोड़ा रोशनी में आ जाइए।"

*

माझी शेजारीण सबीहा पुण्याची, आयटीत आहे. तिने कोपऱ्यावरच्या कचऱ्याचा फोटो टाकला. खरंच एक माणूस आला! कचऱ्याकडे पाठ करून त्याने समोरच्या स्वच्छ भिंतीचा फोटो काढला आणि अपलोड करून निघाला. सबीहा धावत खाली गेली.

"भैया, कचरा तो यहीं पड़ा है!"

त्याने शांतपणे मोबाइल तिच्यापुढे धरला. "मैडम, इसमें कहाँ दिख रहा है?"

*

मग नागरिकांसाठी ऑनलाइन जनसुनवाई निघाली. आम्ही घरोघरी लॅपटॉप उघडून बसलो. पालिकेचे साहेब 'सहभाग' या विषयावर भरपूर बोलले. आमचे सगळ्यांचे माइक त्यांच्याकडूनच बंद! सबीहाने चॅटमध्ये विचारलं, आम्ही कधी बोलायचं?

साहेबांनी ते मोठ्याने वाचलं आणि हसून म्हणाले, "आप सब बोलने लगेंगे, तो हम जनता को सुनेंगे कैसे?"

*

वॉर्डात कुठलं काम करायचं, यावरही एकदा ऑनलाइन मतदान झालं. पर्याय तीन: कारंजं, सेल्फी पॉइंट, स्वागत कमान. आम्ही 'सूचना'च्या चौकोनात लिहिलं, नाली. कमान जिंकली. काकांनी वॉर्ड ऑफिस गाठून जाब विचारला.

"नाली की डिमांड सबसे ज़्यादा थी, सर," तिथला माणूस म्हणाला. "पर नाली चुनाव में खड़ी ही नहीं थी!"

*

शेवटचा किस्सा देशपांडे काकींचा. हा आम्ही पार्टीत सांगत नाही.

बाजाराच्या वाटेवर एका मॅनहोलचं झाकण गेलं होतं. काकींनी स्वतःच्या फोनवरून तक्रार केली. उत्तर येईना, तेव्हा घरातली प्लास्टिकची खुर्ची नेऊन तिथे ठेवली, वर लाल ओढणी बांधली. येणाजाणाऱ्यांना त्या बजावायच्या, "संभलके, हाँ!"

पालिकेची गाडी आली आणि अतिक्रमण म्हणून खुर्ची उचलून घेऊन गेली. काकी दुसरी खुर्ची घेऊन निघाल्या. रस्त्यावर पावसाचं पाणी साचलेलं, भोक दिसलंच नाही. कंबरेचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण काकी काही घरी परतल्या नाहीत.

तेराव्याच्या दिवशी आम्ही काकांकडे बसलो होतो. काकींचा फोन वाजला. काकांनी तो स्पीकरवर घेतला.

"नमस्कार, मैडम से बात हो जाएगी? मैनहोल का ढक्कन लग गया है। बस फ़ीडबैक चाहिए था।"

"मैडम नहीं रहीं," काका म्हणाले. "उसी में गिरी थीं।"

"ओह. सॉरी, सर… तो कितने स्टार लिख दूँ?"