अमेरिकेतले अपक्ष

माणसाला हादरवण्याचं सामर्थ्य विजेच्या उघड्या तारेनंतर जर कुणात असेल, तर ते आमच्या मामेसासऱ्यांत आहे. तार निदान दिसते तरी. मामेसासरे, म्हणजे माझ्या बायकोचे सख्खे मामा, पांढऱ्या टोपीखाली इतके निरुपद्रवी दिसतात की माणूस बेसावध राहतो. वय बहात्तर, मुक्काम रहिमतपूरजवळच्या एका वाडीत, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले, पुढे उसात रमलेले. मला पहिला झटका त्यांनी माझ्याच लग्नात दिला. मुंडावळ्या सावरत मी कसाबसा उभा होतो. मामांनी माझं मनगट धरलं आणि भर मांडवात विचारलं, "जावई, तुमी कुठल्या पक्षाचे?" आयुष्यात भाजी कुठली आणायची याबद्दलही ठाम मत नसलेला मी घाबरून म्हणालो, "वरपक्षाचा." मांडव हसला. मामा हसले नाहीत. थोडा विचार करून म्हणाले, "म्हंजे पक्षाचेच. आमी अपक्ष."

हे अपक्ष प्रकरण काय आहे ते कळायला मला पुढं बरीच वर्षं लागली. मामा नुसते निवडणुकीत अपक्ष नाहीत, ते जगण्यात अपक्ष आहेत. क्रिकेटच्या सामन्यात ते दोन्ही बाजूंच्या चौकाराला टाळ्या वाजवतात आणि पंचाचा निर्णय चुकला की टीव्हीसमोर उभं राहून लेखी तक्रार कुणाकडे करायची ते विचारतात. लग्नात मुलीकडच्यांच्या पंगतीला बसत नाहीत, मुलाकडच्यांच्याही नाही, आचाऱ्यांबरोबर जेवतात. एकदा रक्तगट तपासला तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, तुमचं रक्त कुणालाही चालतं. त्या दिवशी मामा दवाखान्यातून बाहेर आले ते छाती काढून. "रगातबी अपक्ष निघालं," हे त्यांनी वाडीत शिरेपर्यंत भेटेल त्याला सांगितलं. बायकोच्या माहेरचा असा माणूस चारचौघांत आपला म्हणावा की नाही, या प्रश्नावर मीसुद्धा कैक वर्षं तटस्थच होतो.

मामा आजवर चार निवडणुका लढले, चारही अपक्ष आणि चारही मनापासून हरले. पण त्यांच्या मनात सलते ती फक्त पहिली. ग्रामपंचायतीची होती ती, मतपत्रिकेवर शिक्का मारायचे दिवस होते. गावात दोन पॅनेलं, आणि मामा दोन्हींच्या मधे, चिन्ह शिट्टी. समोरचा उमेदवार, ज्याचं चिन्ह कपबशी होतं, तो मामींचा मानलेला भाऊ. मामी त्याला दर वर्षी राखी बांधत. घरात मतं चार होती: मामा स्वतः, मामी, मामांची आई आणि धाकटा भाऊ. मोजणी झाली तेव्हा शिट्टीला मतं पडली तीन. गावानं पाठ फिरवली याचं मामांना काही नव्हतं, गाव ते गावच. पण चौथं कुठं गेलं? भावानं भंडारा उचलून शपथ घेतली. आईनं डोक्यावर हात ठेवून सांगितलं. उरल्या मामी. त्यांना मामांनी कधी विचारलं नाही, आणि मामींनी आपणहून सांगितलं नाही. पंचवीसेक वर्षं दोघांचा संसार या एका मताला वळसा घालून चाललाय, हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. सणासुदीला जमलो की कुणी चुकूनही शिट्टी हा शब्द काढत नाही. कुकरच्या शिट्ट्यासुद्धा आमच्याकडे मनातल्या मनात मोजतात.

तर या अशा माणसाला मी सांगलीच्या चित्रपट महोत्सवाला बोलावलं. बोलावलं म्हणजे काय, तोंडातून निघून गेलं. पन्नाशी उलटल्यावर चष्म्याचा नंबर वाढला तसा सिनेमाही जरा अवघड बघावा असं मला वाटू लागलं, आणि मी आमच्या इथल्या एका फिल्म मंडळात शिरलो. तिथं माझं काम खुर्च्या मोजणं आणि पाहुण्यांना चहा हवा का विचारणं. यंदा मंडळानं अमेरिकेतल्या इंडिपेंडंट सिनेमांचा आणि माहितीपटांचा तीन दिवसांचा महोत्सव घेतला. फोनवर मामांनी खुशाली विचारली तेव्हा मी फुशारकीनं ते सांगितलं. इंडिपेंडंट म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, मामा, मोठ्या कंपनीचा पाठिंबा नाही, मागं कुणी नाही, आपल्या हिमतीवर उभे राहिलेले. मामांनी एकेक शब्द तोलून विचारलं, "अमेरिकेतबी अपक्ष हायत?" मला तेव्हा हसू आलं आणि मी तसंच म्हणा असं म्हणालो. याच वाक्यानं मला पुढं तीन दिवस घाम फोडला.

शुक्रवारी सकाळी दार उघडलं तर मामा कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत उभे, मागे मामी पिशवी घेऊन. चक्क उंबऱ्यातच त्यांनी प्रवेशाचं विचारलं. मी म्हणालो, मामा, विनामूल्य आहे, तिकीट नाही. ते मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलंस? तिकीट न्हाई. ह्येच खरं अपक्षाचं लक्षान." मामींनी मान डोलावली आणि माझ्या बायकोला पाणी मागितलं.

पहिल्या सिनेमात एक बाई भांडी घासत होती. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही, समीक्षक त्याला संथ लय म्हणतात. बाईनं भांडी घासली, ओटा पुसला, मग ती खिडकीपाशी बसली. खिडकीबाहेर एक झाड होतं, ते आम्ही बघितलं. अख्खा हॉल श्वास रोखून बसला होता, निदान पुढच्या दोन रांगांतली जाणकार मंडळी तरी. आणि त्या शांततेत मामा, फौजेत मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात, मला म्हणाले, "जावई, ही फॉर्म कवा भरनार?" मी खुर्चीत इतका खाली सरकलो की माझे गुडघे पुढच्या माणसाच्या पाठीला लागले. हळूच समजावलं, मामा, ही उमेदवार नाही. मग मामांनी तिची कीव केली. "दिसतंयच. घरातनंच पाठिंबा न्हाई बिचारीला." आणि माझ्या पलीकडे बसलेल्या मामी एकदम पदर नीट करू लागल्या. मला तेव्हा वाटलं, उगाच बोलावलं यांना.

दुसऱ्या सिनेमात जे घडलं ते मी इथं तपशिलात लिहू शकत नाही. एवढंच सांगतो की त्यातला तरुण आणि ती तरुणी यांची फारशी ओळख नव्हती आणि ती त्यांनी वाढवली. माझ्या एका बाजूला मामी, दुसऱ्या बाजूला मामा, आणि मधे मी, भाचजावई, दोन्ही हात मांडीवर ठेवून घाम पुसायचीही सोय नसलेला. डोळे मिटावेत तर मिटले असं दिसणार, उघडे ठेवावेत तर उघडे दिसणार. मामींनी पिशवीतून शेंगा काढून एकाग्रपणे सोलायला घेतल्या. मामा मात्र ताठ बसून सगळं बघत होते. संपल्यावर दिवे लागले तेव्हा ते मंडळाच्या अध्यक्षांपाशी गेले आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "ह्यांच्यात आचारसंहिता लागू न्हाई का?" अध्यक्षांना वाटलं हा सेन्सॉरवरचा मार्मिक शेरा आहे. त्यांनी मामांचा हात हातात घेतला आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितलं की ग्रामीण प्रेक्षक किती पुढे गेलाय.

शनिवारी माहितीपट होते, आणि तिथं मामांना त्यांचा माणूस सापडला. अमेरिकेच्या कुठल्याशा कोपऱ्यातलं, माणसं सोडून गेलेलं एक गाव. तिथं एक म्हातारा रोज पहाटे जुन्या यंत्रानं शाळेपर्यंतच्या रस्त्यावरचा बर्फ ढकलायचा. शाळा केव्हाच बंद पडली होती. कॅमेऱ्यामागच्या मुलीनं त्याला विचारलं, मग रस्ता कुणासाठी? म्हातारा म्हणाला, रस्ता आहे ना, मग तो मोकळा पाहिजे. बस्स, एवढंच होतं त्यात. हॉलमधली निम्मी माणसं घड्याळ बघत होती. मामा मात्र एकदाही बोलले नाहीत, आणि मला त्यानंच जास्त धडकी भरली. बघितलं तर त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

तो माहितीपट करणारी मुलगी नंतर पडद्यावर आली, तिथूनच, अमेरिकेतून. प्रेक्षकांनी प्रश्न विचारायचे आणि अध्यक्षांनी त्याचं इंग्रजी करायचं असं ठरलं होतं. मामा उठले. माझ्या बायकोनं त्यांचा सदरा धरला, पण तोवर उशीर झाला होता. त्यांनी विचारलं, पोरी, तुला तिकीट कुणी नाकारलं? अध्यक्षांनी शब्दाला शब्द ठेवून ते विचारलं. मुलगी जरा गोंधळली, मग हसून म्हणाली की विमानाचं तिकीट वेळेवर मिळालं नाही म्हणून येता आलं नाही, पण तिचा कुणावर राग नाही. हे मराठीत ऐकल्यावर मामांनी दोन्ही हात जोडले. "राग न्हाई म्हनती. आमाला न्हाई जमलं," असं म्हणून ते खाली बसले. मामी शेंगा सोलायच्या थांबल्या.

आता महोत्सवात एक प्रेक्षकपसंतीचा प्रकार होता. प्रत्येकाला एक चिठ्ठी, तीवर आवडलेल्या सिनेमाचं नाव लिहून पेटीत टाकायची. मामांना पेटी दिसली आणि मला पुढचं सगळं दिसलं. रविवारी सकाळी ते हॉलच्या दारात उभे राहिले, येणाऱ्या प्रत्येकाला नमस्कार करत, बर्फवाल्याकडे लक्ष असू द्या म्हणून. दाढीवाल्या प्राध्यापकांना त्यांनी घोटभर चहा पाजला, कॉलेजच्या मुलींना आजोबाच्या नात्यानं गळ घातली, माझ्या बायकोकडून शब्द घेतला, माझ्याकडूनही घेतला. मामींपाशी मात्र ते गेलेच नाहीत. लांबूनच एकदा बघितलं, आणि त्या पेटीकडे जायला उठल्या तेव्हा ते भिंतीवरच्या पोस्टरकडे तोंड करून उभे राहिले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा खेळ बर्फवाल्यासाठी चाललेला नाही.

दुपारी निकाल लागला. भांडी घासणाऱ्या बाईनं बाजी मारली. अध्यक्षांनी उत्साहात सगळ्याच सिनेमांची मतं वाचून दाखवली आणि बर्फवाल्याला मिळाली तीन.

आम्ही घरचे चौघे होतो. मामांनी काही विचारलं नाही. फक्त हळूहळू टोपी घातली आणि पिशवी उचलली. मामी त्यांच्या मागून चालू लागल्या, चेहरा दगडासारखा करून. आणि मी जागच्या जागी गार पडलो, कारण चौथी चिठ्ठी माझी होती. एका काळ्यापांढऱ्या सिनेमाला मी ती दिली होती. तो मी अर्ध्याहून जास्त झोपेत बघितला होता, पण मंडळात आपली अभिरुची उंच दिसावी एवढ्यासाठी अध्यक्षांसमोर ते नाव मी मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

त्यांना वाडीवर सोडायला मीच गाडी काढली. पुढे मी आणि बायको, मागे ते दोघे, मधे पिशवी. आष्टा गेलं. शेवटी माझ्यानं राहवेना. रस्त्यावरची नजर न काढता मी म्हणालो, मामा, तीन का पडली सांगतो. माझं मत मी दुसरीकडे दिलं. मामींनी बर्फवाल्यालाच दिलंय. बायकोनं माझ्याकडे असं बघितलं की इस्लामपूरच्या चौकात मी चुकीचं वळण घेतलं आणि परत फिरलो.

मामा ताबडतोब म्हणाले, "तुमी पक्षाचेच." मग पुष्कळ वेळानं, खिडकीबाहेर बघत, त्यांनी तो प्रश्न विचारला जो पंचवीस वर्षं विचारला नव्हता. "आन तवाचं?"

मामींना तवाचं म्हणजे कधीचं ते विचारावं लागलं नाही. "दिलं की तुमाला," त्या म्हणाल्या. "आन त्यालाबी दिलं. राखी बांधत हुते, त्याला तोंड कसं दाखवू? दोघांवरबी शिक्का मारला."

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी म्हणालो, मामी, दोन शिक्के मारले की मत बाद होतं.

"ते मला कोन सांगनार? सांगायला ह्ये घरात हुतं कवा? शिट्टी वाजवत गावभर फिरत हुतं."

कासेगाव मागे गेलं. आरशात मला मामांचा चेहरा दिसत होता, आणि तो मी याआधी कधी बघितला नव्हता. आयुष्यभर दुसऱ्यांना झटके देणाऱ्या माणसाला स्वतःला बसला की तो कसा दिसतो, ते मला कळलं. बोलले तेव्हा आवाज इतका बारीक की मी एसी बंद केला. "मोजनीला हुती तशी एक पत्रिका. साहेब माझ्यात धरायला लागलं हुतं. म्हनले, शिट्टीवरचा गडद हाय, कपबशीवर नुसता डाग पडलाय. मीच हरकत घेतली. म्हनलं, साहेब, नेम तो नेम. बाद करा."

"आवं, पयला तुमच्यावरच मारला," मामी म्हणाल्या. "चांगला दाबून. शाई तिथंच सरली, त्याला मी काय करू?"

मी मागे वळून बघितलं नाही, मला धीरच झाला नाही. कराड ओलांडलं तेव्हा मामींना झोप लागली होती. पिशवी केव्हातरी मधून निघून पायांशी गेली होती आणि त्यांचं डोकं मामांच्या खांद्यावर टेकलं होतं. रस्त्याचं काम चालू होतं, गाडी सारखी खड्ड्यांत जात होती. "घरची चारी पडली हुती," मामा एकदा म्हणाले, आम्हाला नाही, असंच. मग रहिमतपूर येईपर्यंत ते ताठ बसून राहिले, खांदा जराही हलू न देता.